दगडी धरणाच्या पोटातलं पाणी

लोणावळ्याजवळचं वळवण, मावळातलं ठोकरवाडी, पलीकडचं मुळशी ही दगडी धरणं सरकारची नाहीत, टाटांची आहेत. मुंबईला वीज देण्यासाठी ती बांधली गेली. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, त्यामागोमाग भिवपुरी आणि भिरा. म्हणजे यातल्या बहुतेक भिंती शंभरीच्या पुढे गेल्या आहेत आणि आजही दर पावसाळ्यात तुडुंब भरतात.

अशी भिंत उभी राहते ती केवळ स्वतःच्या वजनावर. तलाव किती लांबरुंद आहे याच्याशी भिंतीवरच्या दाबाला काही देणंघेणं नसतं; प्रश्न फक्त खोलीचा. पाणी ३० मीटर खोल असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ४५० टन रेटा येतो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट. दगडी धरणाच्या भिंतीत कुठेही ताण येऊ नये, असा आकार कसा द्यायचा, याचं गणित अभियंते रँकिन यांनी १८७२ साली मांडलं, तेही मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने.

त्या काळच्या गणितात एक गोष्ट मात्र राहून गेली. पाणी भिंतीला नुसतं समोरून ढकलत नाही, ते सांध्यांत आणि पायात शिरून तिला खालून उचलतंही. हे उचल दाबाचं प्रकरण फ्रान्समधल्या बूझे धरणाने शिकवलं. १८८४ मध्ये ती भिंत जागची सरकली, मग तिची दुरुस्ती झाली आणि १८९५ मध्ये ती फुटलीच. ऐंशीहून अधिक माणसं गेली.

म्हणून जुन्या धरणाची तपासणी पायथ्यापासून करावी. काळ्या दगडांच्या दरजांमधून पांढरे ओघळ उतरलेले दिसतात. ते पाण्याबरोबर विरघळून बाहेर आलेल्या चुन्याचे. म्हणजे दगड शाबूत, पण त्यांना धरून ठेवणारा मसाला झिजतोय. पायथ्याच्या गटारात बसवलेल्या व्ही आकाराच्या खाचेतून मिनिटाला किती लिटर पाणी वाहतं, ते गढूळ आहे की निवळ, याची वर्षानुवर्षांची वही ही धरणाची खरी कुंडली. गळती अचानक कमी झाली तरी हुरळून जाऊ नये. निचऱ्याची भोकं चुन्याने बुजली असतील, तर आतला दाब उलट वाढतो.

इथेच घाईची दुरुस्ती घात करते. गळणारी बाजू डोळ्यांना खुपते म्हणून तिथे सिमेंटचा गिलावा मारायचा, की पाणी भिंतीच्या पोटात कोंडलं. दरजा भरायच्या त्या पाण्याच्या बाजूने, उन्हाळ्यात पातळी खाली गेल्यावर. आत पोकळ्या असतील तर ग्राउटिंग करायचं, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने आत भरायचं, आणि निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची. दगडांत रुजलेला पिंपळ मुळासकट काढायचा, वरून छाटून भागत नाही. हे सगळं खर्चिक आणि कंटाळवाणं काम आहे, त्याचं उद्घाटन कोणी करत नाही.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने खासगी मालकालाही सरकारी खात्याच्याच रांगेत बसवलं आहे. त्याच्या कक्षेतल्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वांगीण मूल्यमापन, आपत्कालीन कृती आराखडा, हे सगळं मालकावर बंधनकारक आहे. मालकी खासगी असली तरी खालची गावं काही मालकाची नसतात. तुमचं गाव अशा भिंतीखाली असेल, तर येत्या ग्रामसभेत त्या आराखड्याची प्रत मागा.