मद्यासक्तांची अनामिक सभा व तिचा शोध

मद्यासक्तांच्या परस्परसाहाय्य गटांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा त्यांच्या परिणामकारकतेकडे जाते. २०२० साली कोक्रेन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या समीक्षेत २७ अभ्यासांचा परामर्श घेतलेला आहे. ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेच्या सभांकडे रुग्णास पद्धतशीरपणे वळविणारे उपचार, सातत्याने मद्यविरहित राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात, असा तिचा निष्कर्ष आहे. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. जी संघटना आपल्या सदस्यांची नावे प्रकट करीत नाही आणि जाहिरातबाजी वर्ज्य मानते, तिच्या सभेपर्यंत नवखा मनुष्य पोहोचतो तरी कसा?

या संघटनेचा उगमच मुळी अशा एका शोधात आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे विल्यम विल्सन व्यवसायानिमित्त ओहायओ राज्यातील ॲक्रन या शहरी आले होते. मद्य सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. हाती घेतलेला व्यवहार फसला होता, आणि ते उतरले त्या हॉटेलातच मद्यगृह होते. तिकडे न वळता त्यांनी तेथील चर्चांची यादी पाहून दूरध्वनी करावयास आरंभ केला. त्यांना वैद्याची किंवा उपदेशकाची गरज भासत नव्हती. बोलावयास दुसरा मद्यपी हवा होता, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेतली पाहिजे. एका धर्मोपदेशकाने दिलेल्या नावांवरून ते हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचले, व त्यांच्या घरी डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदांशी त्यांची गाठ पडली. पंधरा मिनिटांपलीकडे थांबावयाचे नाही असे ठरवून आलेले स्मिथ कित्येक तास बसले. १० जून १९३५ रोजी त्यांनी अखेरचे मद्य घेतले असे संघटना मानते, आणि तोच तिचा स्थापनादिन होय.

मार्च १९४१ मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला आणि चौकशीच्या पत्रांचा न्यूयॉर्कच्या कचेरीत ढीग पडला. त्या एका वर्षात सदस्यसंख्या सुमारे २,००० वरून ८,००० वर गेली. आता शोध व्यक्तीचा न राहता ठिकाणाचा झाला, आणि त्याबरोबरच एक पेच उत्पन्न झाला: माणसे अनामिक राहावयाची, पण सभा सापडावयास हवी. १९५० मध्ये क्लीव्हलंड येथील अधिवेशनात स्वीकृत झालेल्या बारा परंपरांत या पेचाची उकल आढळते. नाव झाकले जाते, स्थळ व वेळ झाकली जात नाही. मद्यपान थांबविण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते. प्रत्येक गट स्वायत्त असतो. काही सभा ‘खुल्या’ असतात, तेथे नातलग किंवा अभ्यासकही बसू शकतात. ‘बंद’ सभा केवळ मद्याचा प्रश्न असलेल्यांसाठी असतात. विद्यार्थ्याने हा भेद जाणल्याखेरीज निरीक्षणास जाऊ नये.

तथापि पत्ता ठाऊक असणे आणि दारात पाऊल पडणे यांतील अंतर मोठे आहे. १९८१ साली सिसन व मॅलम्स यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग अवघ्या २० रुग्णांवर केलेला, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. परंतु त्याचा निकाल डोळ्यांत भरण्यासारखा आहे. निम्म्या रुग्णांना सभांची माहिती देऊन जाण्याविषयी सांगण्यात आले. उरलेल्यांच्या बाबतीत समुपदेशकाने समक्षच एखाद्या सदस्यास दूरध्वनी लावून दिला, व त्या सदस्याने सोबत नेण्याचे कबूल केले. दुसऱ्या गटातील सर्वजण सभेस गेले. पहिल्यातील एकही गेला नाही. रुग्णाच्या हाती छापील कागद देऊन ‘इच्छाशक्ती नाही’ असा शेरा मारणाऱ्यांनी या निकालाचा विचार करावा.

महाराष्ट्रात मराठी, हिंदी व इंग्रजी या भाषांतून सभा भरतात. त्यामुळे ठिकाणाइतकीच भाषेची चौकशी आवश्यक ठरते. आपले पतन परक्या भाषेत सांगणे कोणास जमते? पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (१९८६) ही वेगळी संस्था असून तेथे निवासी उपचार होतात. हा फरक केवळ नावाचा नव्हे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने मद्य एकाएकी बंद केल्यास झटके व भ्रमिष्टावस्था उद्भवून जीवास धोका होऊ शकतो. अशा मनुष्यास प्रथम वैद्यकीय देखरेख हवी, सभा त्यानंतर. घरच्या मंडळींसाठी १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’चे स्वतंत्र गट आहेत, आणि मद्यपी स्वतः यावयास राजी नसला तरी त्याच्या पत्नीला तेथे जाता येते.

लहान गावाची अडचण मात्र निराळी. सभा भरते त्या शाळेचा शिपाई ओळखीचा, समोरचा दुकानदार नात्यातला. तेथे अनामिकता नियमात असली तरी व्यवहारात टिकत नाही. शेजारच्या तालुक्यातील सभेस जाणे अनेकांना सोयीचे वाटते ते याचमुळे. समुपदेशकाने अशा वेळी बसच्या वेळाही विचारून ठेवाव्यात, विशेषतः परतीच्या; कारण सभा बहुधा सायंकाळी असते.