गाडी चिनी आहे की नाही? लोगोवरून ठरवू नका

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरची सरकारी वसाहत असो की पुण्यातलं कोथरूड, हिरव्या नंबरप्लेटची नवी इलेक्ट्रिक गाडी दारात आली की शेजारी विचारतातच, "चिनी आहे का हो?" उत्तर बहुतेकदा ऐकीव असतं. काडी काडी जमवून गाडी घेणाऱ्या माणसाला खरं काय ते कळायला हवं.

गैरसमज : एमजी ब्रिटिश आणि व्होल्वो स्वीडिश. चीनचा काय संबंध?

वस्तुस्थिती : एमजीचा जन्म ऑक्सफर्डचा, हे खरं. पण एमजी रोव्हर कंपनी 2005 मध्ये बुडाली. तिची मालमत्ता चीनच्या नानजिंग कंपनीनं घेतली आणि पुढे नानजिंगच शांघायच्या एसएआयसी या सरकारी कंपनीत विलीन झाली. भारतातल्या एमजीचं मुख्यालय गुरुग्रामला आहे, कारखाना गुजरातेत हालोलला. 2023 मध्ये मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहानं त्यात 35 टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. म्हणजे नाव ब्रिटिश, तंत्रज्ञान चिनी, जुळणी गुजरातची आणि भागीदार मुंबईचा. आरसीवर यातलं काही कळत नाही. तिथे उत्पादकाचं नाव असतं, भागधारकांचं नसतं.

व्होल्वो कार 2010 पासून चीनच्या गीलीकडे आहे. मात्र मुंबई-पुणे मार्गावर शिवनेरी म्हणून धावलेल्या व्होल्वो बस बनवणारी कंपनी वेगळी. 1999 मध्ये कारचा धंदा फोर्डला विकला गेला, तेव्हाच दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या.

गैरसमज : चिनी कंपन्या फक्त परदेशी गाड्यांची नक्कल करतात.

वस्तुस्थिती : सुरुवातीला त्या परदेशी कंपन्यांकडून शिकल्या, आणि तेही ठरवून. चीनमध्ये कार बनवायची तर स्थानिक कंपनीशी भागीदारी करा आणि आपला वाटा 50 टक्क्यांच्या वर नेऊ नका, असा तिथला नियम होता. फोक्सवॅगन 1980 च्या दशकात शांघायला गेली ती अशाच भागीदारीतून. ही मर्यादा इलेक्ट्रिक गाड्यांसाठी 2018 मध्ये आणि सर्व प्रवासी कारसाठी 2022 मध्ये उठली. आता गंगा उलटी वाहते आहे. 2023 मध्ये फोक्सवॅगननं एक्सपेंग या चिनी कंपनीत सुमारे 70 कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं. पुण्याजवळ रांजणगावात जीप बनवणाऱ्या स्टेलांटिसनं त्याच वर्षी लीपमोटर या चिनी कंपनीचा साधारण पाचवा हिस्सा दीड अब्ज युरोंना घेतला.

गैरसमज : भारतात चिनी कार कंपन्यांवर बंदी आहे.

वस्तुस्थिती : सरसकट बंदी नाही. भारताला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची मंजुरी एप्रिल 2020 मध्ये सक्तीची झाली. 2023 मध्ये चीनची बीवायडी आणि हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगचा कारखान्याचा प्रस्ताव सरकारनं नाकारला, पण बीवायडीच्या कारची विक्री चालूच राहिली. पुण्यात पीएमपीच्या ताफ्यात आलेल्या ऑलेक्ट्राच्या इलेक्ट्रिक बसमागेही बीवायडीचंच तंत्रज्ञान आहे.

गैरसमज : तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना चिन्यांनी घेतला.

वस्तुस्थिती : घ्यायचं ठरलं होतं. जानेवारी 2020 मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटरनं करार केला. जूनमध्ये गलवानला भारत-चीन सैन्यांचा संघर्ष झाला, मंजुरी रखडली आणि 2022 मध्ये करार मोडला. दरम्यान 2020 च्या अखेरीस तळेगावात गाड्या बनणं थांबलं आणि मावळातल्या शेकडो कामगारांच्या घरांवर संकट आलं. ऑगस्ट 2023 मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईनं कारखाना घेण्याचा करार केला. जी चूल विझली, तिची खंत मात्र वाटते.

म्हणून शोरूममध्ये देशाचं नाव विचारून थांबू नका. मालकी कोणाची, बॅटरी कुठली, तिची वॉरंटी किती वर्षांची, सुटे भाग इथे मिळतात का, हे विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. सरकारलाही एक प्रश्न विचारायला हवा : चिनी कंपन्यांशी होणाऱ्या भागीदारीतून आपले इंजिनिअर काय शिकणार? चीननं हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी परदेशी कंपन्यांना विचारला आणि उत्तर मिळाल्याशिवाय दार उघडलं नाही. आपणही नुसत्या जुळणीवर समाधान मानू नये.