बाकांची आगगाडी

पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ साली धावू लागली. पुण्यातल्या कितीतरी मुलांचा आगगाडीचा पहिला प्रवास तिच्यातूनच झाला. त्यामुळे बालवर्गात बाकं एकामागे एक लावली की मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. गार्ड, तिकीट, शिट्टी, सगळं तीच ठरवतात. गाडी न्यायची कुठे, एवढंच बाईंनी बघायचं.

आमच्या लहानपणी भूगोलाचा तास म्हणजे भिंतीवर टांगलेला नकाशा, बर्फाच्या घरातला एस्किमो आणि वाळवंटातला उंट. उत्तरं पाठ होती. पण त्या बर्फाच्या घरातलं पोर सकाळी उठून काय खातं, हे कुणी विचारलं नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आलं, तेव्हा पुस्तकाबाहेरचं थोडं हाती लागलं.

माझ्यापुरता मोठा फरक पडला तो जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागींच्या ‘तोत्तोचान’ या शाळेच्या आठवणींच्या पुस्तकामुळे. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणलं. त्यातल्या मुख्याध्यापक कोबायाशींच्या तोमोए शाळेचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरत. जेवणाच्या डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं असावं, अशी त्यांची अपेक्षा असे. आमच्या गाडीत हाच नियम लावला, तर वर्गात केवढी खळबळ! सुकट समुद्रातली, हे लगेच ठरलं. पोळीभाजीचं काय? खूप वाद झाल्यावर एक मुलगी म्हणाली, “मीठ आहे ना भाजीत!” सगळे पास. १९४५ साली बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळाली, हेही मी मुलांना सांगते. आपल्याच वयाची मुलं तिथे होती, हे त्यांना कळतं.

२००६ पासून तर सिंहगड रस्त्यावर जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरचं पु. ल. देशपांडे उद्यानच आहे. वर्गातला जपान आधी खेळून झाला की तिथल्या तळ्यापाशी मुलं आपणहून प्रश्न विचारतात.

हल्ली मात्र भाड्याचा पोशाख, कागदी झेंडा आणि फोटो यांवरच पुष्कळ ठिकाणी देश उरकला जातो. मला ते पटत नाही. साने गुरुजींनी १९४९ मध्ये पुण्याच्याच साहित्य संमेलनात आंतरभारतीची, म्हणजे प्रांतांनी एकमेकांना जाणून घेण्याची, कल्पना मांडली, तिची इथे आठवण होते. आज बांधकामांवर आलेल्या ओडिया, कन्नड, नेपाळी घरांतली मुलं शेजारच्याच बाकावर बसतात. म्हणून यंदा जपाननंतरचं स्टेशन ओडिशा. पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवून आंबवलेला भात, कसा करायचा हे दाखवायला वर्गातल्या एकीची आई येणार आहे. मुलांनी तिच्यासाठी तिकीट आधीच कापून ठेवलंय.