जुनी मोटार घरी आल्यावर



२०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी ही काळी-पिवळी टॅक्सी कायमची नाहीशी झाली. परंतु तिच्या खाजगी बहिणी अजून पुष्कळ घरी आहेत. बेळगावच्या एखाद्या वाड्याच्या पडवीत, मडगावच्या एखाद्या माडांच्या आवारात, इंदूरच्या किंवा बडोद्याच्या एखाद्या बंद शेडमध्ये ताडपत्रीखाली त्या वर्षानुवर्षे उभ्या असतात. कोणाला ती वडिलार्जित मिळते, कोणी हौसेने विकत घेतो. गाडी दाराशी आली की पहिली इच्छा होते ती एकच : किल्ली फिरवावी आणि एक फेरी मारून यावी. ही इच्छा आवरावी आणि त्याऐवजी काय करावे, हे सांगणे हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम या गाडीची थोडी ओळख. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने ‘फियाट ११००’ बाहेर पडू लागली. १९६४ साली तिचे ‘डिलाईट’ हे रूप आले आणि १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. नावे बदलली, तरी आतील यंत्र मूलतः तेच राहिले : १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर, मागे पाटे आणि बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. यंत्र साधे आहे, म्हणून ते घरच्या माणसाला समजते. मात्र साधे म्हणजे निर्धोक नव्हे.

अशा गाडीच्या दुरुस्तीचा क्रम बहुतेक लोक उलटा लावतात. आधी रंग, मग सीटची कव्हरे, मग इंजिन, आणि पैसे उरले तर ब्रेक. वास्तविक क्रम याच्या नेमका विरुद्ध हवा. गाडीला आधी थांबता आले पाहिजे, मग धावता आले पाहिजे, आणि शेवटी मिरवता आले पाहिजे. न धावणारी गाडी फार तर मालकाची निराशा करील. न थांबणारी गाडी रस्त्यावरून शाळेला निघालेल्या मुलाचा जीव घेईल.

तेव्हा आरंभ ब्रेकपासून करू. ब्रेकच्या पायपट्टीवर पाय दाबला म्हणजे मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून चाकांकडे ढकलले जाते. तेथील लहान सिलिंडर ब्रेकचे जोडे ड्रमवर दाबतात आणि चाक थांबते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. वर्षे लोटली की त्यात पाणी साचते, आतून गंज धरतो आणि सिलिंडरमधील रबरी वाट्या झिजतात किंवा चिकटून बसतात. उतारावर वारंवार ब्रेक दाबल्याने तेल तापते, त्यातील पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायपट्टी तळाला जाते पण चाक थांबत नाही. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्याने हे विशेष ध्यानी घ्यावे. जुन्या गाड्यांत चारही चाकांची तेलाची वाट बहुधा एकच असते. एके ठिकाणी गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात.

यासाठी सर्व रबरी वाट्या, चाकांजवळच्या रबरी नळ्या आणि सगळे तेल एकाच वेळी बदलावे. बाहेरून धडधाकट दिसणारी रबरी नळी आतून फुगून बंद झालेली असू शकते. नवे तेल भरल्यावर आतील हवा काढावी लागते. एकाने पायपट्टी दाबून धरावी, दुसऱ्याने चाकाजवळचा हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊ द्यावे, आणि स्क्रू आवळल्यावरच पहिल्याने पाय उचलावा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडील गाडीत मागच्या डाव्या चाकापासून, हे काम सुरू करावे. शेवटी पायपट्टी मिनिटभर जोराने दाबून धरावी. ती हळूहळू खाली जाऊ लागली तर कोठेतरी गळती आहे असे समजावे. हॅन्डब्रेकची तारही याच वेळी पाहावी, कारण तेल गेल्यावर तेवढाच आधार उरतो. ड्रममधील धूळ मात्र कधीही फुंकून उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ती धूळ ओल्या फडक्याने पुसून ते फडके बंद पिशवीत टाकून द्यावे.

गाडीखाली जाण्यापूर्वीचा एक नियम विसरू नये. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. गाडी उचलल्यावर ती भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी आणि जमिनीवरील चाकांना पुढून-मागून अडण लावावी. विटांचा ढीग अचानक फुटतो. त्यावर विसंबू नये.

टायरकडे पाहताना नक्षीवर भुलू नये. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असते, पण रबर वाळून त्याच्या बाजूला भेगा पडतात. बाजूवर चार आकडी संख्या कोरलेली असते. पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. टायर दहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही सुरेख दिसली तरी ते काढून टाकावे. स्टेपनीही याला अपवाद नाही.

आता इंजिनाकडे वळू. वर्षभराहून अधिक काळ उभ्या असलेल्या गाडीत जुने पेट्रोल घट्ट आणि चिकट झालेले असते. ते टाकीतून पूर्ण काढून घ्यावे, टाकीत गंज आहे का ते पाहावे आणि कार्ब्युरेटर साफ करावा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचे घरटे निघाले तर नवल मानू नये. चारही प्लग काढावे. प्रत्येकाच्या वायरीला क्रमांकाची चिठ्ठी आधी बांधावी, नाहीतर पुढे इंजिन चालायचेच नाही. प्लगच्या भोकांतून चमचाभर इंजिन ऑइल प्रत्येक सिलिंडरमध्ये सोडून रात्रभर राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी वरच्या गिअरमध्ये ठेवून गाडी अलगद पुढे-मागे ढकलावी. इंजिन मोकळे फिरले तर ठीक. अडले तर जबरदस्ती न करता मिस्त्रीला बोलवावे. त्यानंतर इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलावा. काढलेले तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून हेड गॅस्केट तपासावे.

पेट्रोलच्या बाबतीत आजची एक नवी अडचण आहे. २०२५ साली आपल्या देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. या गाड्या तयार झाल्या तेव्हा त्यांतील रबर अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि गॅस्केट मऊ पडतात किंवा तडकतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले म्हणजे आगीला निमंत्रणच. म्हणून या सर्व वस्तू इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घ्याव्या. इथेनॉल पाणीही ओढते, तेव्हा गाडी महिनोन्महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नये.

इंजिन थंड राखण्याचे काम रेडिएटरचे. त्यात वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी घातल्याने चुना बसून बारीक वाटा बुजतात. रेडिएटर धुऊन घ्यावा आणि नंतर शुद्ध पाण्यात कूलंट मिसळूनच भरावा. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबला असता साधारण एक ते दीड सेंटिमीटर लवावा. अधिक लवला तर तो घसरतो, अगदीच लवला नाही तर बेअरिंगवर ताण येतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने चेहरा भाजतो.

विजेच्या वायरींचे प्लास्टिक जुने झाले की ठिसूळ होते. काम करण्यापूर्वी बॅटरीची गाडीच्या पत्र्याला जोडलेली तार आधी सोडावी आणि शेवटी जोडावी. दिवे मंद जळत असतील तर बहुधा बॅटरीचा दोष नसून पत्र्याशी असलेला जोड गंजलेला असतो. तो घासून पाहावा. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट काळे पडले तर बारीक कानशीने साफ करावे आणि त्यांतील फट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाची ठेवावी.

राहिला पत्रा. या गाडीला खाली वेगळी चौकट नाही. पत्र्याची पेटीच सारा भार सोसते. म्हणून गंज हा येथे केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. पायाखालचे गालिचे उचलून, दारांखालचे पाट आणि पाट्यांच्या टोकांची जागा बोटाने दाबून पाहावी. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि पावसात तर दारांच्या तळाची पाणी वाहून जाण्याची भोके दर पावसाळ्यापूर्वी मोकळी करावी. गंज न कापता त्यावर रंग देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी तपासणी करून नूतन करावी लागते. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळे नियम केले आहेत. मात्र तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. घेण्यापूर्वीच इंजिन आणि चेसिसचे क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावे.

एवढे झाले की गाडी पंधरा दिवसांतून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटर चालवावी. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन फिरवल्याने आतील ओलावा उडत नाही, उलट साचतो. एक वही ठेवावी. तीत तारीख, किलोमीटर, बदललेली वस्तू आणि केलेले काम लिहावे. जुने मिस्त्री वयस्कर झाले आहेत आणि त्यांचे ज्ञान छापलेले नाही. ते काम करीत असताना शेजारी उभे राहून विचारावे आणि वहीत उतरून घ्यावे. पुढे ती वही गाडीइतकीच मोलाची ठरेल.

आपल्याकडे गाडी घरी आली म्हणजे कोणी नारळ फोडून झेंडूची माळ घालतो, कोणी चर्चच्या आवारात नेऊन धर्मगुरूंचा आशीर्वाद घेतो. दोन्ही चाली सुंदर आहेत. मात्र देवाच्या हवाली करण्यापूर्वी आपल्या हातून होण्याजोगे काम आपण पुरे करावे, आणि त्याची सुरुवात ब्रेकपासून करावी, एवढेच सांगून मी आपला निरोप घेतो.