आपल्या मापाचे प्रथिन कोण घडविणार?

कर्करोगावरील नव्या उपचारांची चर्चा आपल्याकडे बहुधा किमतीपाशी सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. ती चर्चा गैर नव्हे. 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी पेशी-उपचाराची किंमत 4,75,000 डॉलर, म्हणजे तीन कोटी रुपयांच्या घरात होती. मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांच्या संशोधनातून सिद्ध झालेल्या ‘नेक्सकार-19’ला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा तो आकडा चाळीस लाखांच्या आसपास आला. परभणीच्या एखाद्या कारकुनाला चाळीस लाख आणि तीन कोटी हे दोन्ही आकडे सारखेच दुष्प्राप्य. तरीही संशोधन आपल्या हाती असले की किंमत किती खाली येते, हे त्यातून दिसले. पण किमतीहून मूलभूत असा एक प्रश्न आहे, आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. ही औषधे कोणाच्या शरीराच्या मापाने बेतली जात आहेत?

‘नेक्सकार-19’ रक्ताच्या काही कर्करोगांवर चालते, कारण त्या पेशींच्या पृष्ठभागावरच सीडी-19 नावाची खूण असते. तेथे रुग्णाचा ऊतक-गट पाहावा लागत नाही. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगासारख्या गाठींचे तसे नाही. त्यांतील विकृत प्रथिने बहुतांशी पेशीच्या आत दडलेली असतात. पेशी त्यांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे एम.एच.सी. नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत बसवून बाहेर मांडते, आणि गस्त घालणाऱ्या टी-पेशी ते पाहतात. टी-पेशी नुसता तुकडा ओळखत नाही. तुकडा आणि तो धरणारी खोबण ही दोन्ही मिळून ती ओळखते, हे झिंकरनागेल व डोहर्टी यांनी 1974 मध्ये कॅनबेरा येथे दाखविले. 1996 चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले.

त्याच वर्षी आल्टमन, डेव्हिस प्रभृतींनी या ज्ञानाचे हत्यार बनविले. माणसाचे एम.एच.सी. जनुक जिवाणूत घालून ते प्रथिन त्याच्याकडून तयार करवून घ्यायचे. जिवाणूत त्याच्या निरुपयोगी गुठळ्या होतात. त्या विरघळवून, हव्या त्या तुकड्याच्या सान्निध्यात प्रथिनाची पुन्हा नीट घडी बसवायची, आणि अशी चार प्रथिने एकत्र जोडून त्यांना चमकणारा रंग लावायचा. रुग्णाच्या रक्तातील नेमक्या त्याच टी-पेशी त्यांना चिकटतात. मग त्या मोजता येतात, वेगळ्या काढता येतात. काम किचकट खरे, पण अद्भुत मुळीच नाही.

अडचण पुढेच आहे. ही खोबण माणसागणिक बदलते. तिचे हजारो प्रकार नोंदलेले आहेत. ‘ए-0201’ हा प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत फार आढळतो, म्हणून प्रयोगशाळांना विकली जाणारी प्रथिने प्रथम त्याचीच झाली, अभ्यास त्याचाच झाला आणि औषधेही त्याच्याच मापाची निघाली. 2022 मध्ये अमेरिकेत मान्य झालेले टेबेन्टाफस्प हे डोळ्याच्या एका कर्करोगावरील औषध केवळ ‘ए-0201’ असणाऱ्यांनाच देता येते. भारतीयांत याच कुळातला, किंचित निराळा ‘ए-0211’ बराच आढळतो. ए-11, ए-24, ए-33 हे गटही येथे पुष्कळ. यात कोणाचे कारस्थान नाही. क्रयशक्ती नसलेली गरज बाजाराला मागणी म्हणून दिसतच नाही, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे.

अशा ठिकाणी काय करावे लागते, हे परभणीकरांना निराळे सांगायला नको. भेंडीवरील केवडा रोगाला दाद न देणारे ‘परभणी क्रांती’ हे वाण येथल्या कृषी विद्यापीठाने काढले. भेंडीच्या एका रानटी भाईबंदातून त्यांनी प्रतिकारशक्ती आणली, आणि पुढे ते बियाणे देशभर गेले. (आपल्या गावाचे नाव बाहेर बऱ्याच जणांना भेंडीमुळेच ठाऊक असते, हा भाग वेगळा.) या मातीतला रोग या मातीत अभ्यासला गेला, तो सार्वजनिक पैशावर.

प्रथिनांच्या बाबतीतही मार्ग हाच आहे. खारघरचे टाटा केंद्र, पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था यांसारख्या सरकारी संस्थांनी येथे सर्रास आढळणाऱ्या दहा-बारा ऊतक-गटांची प्रथिने घडवावीत आणि देशातील कोणत्याही महाविद्यालयाला ती उत्पादनखर्चात द्यावीत. खाजगी कंपन्यांना पुढे औषध काढायचे तर त्यांनी खुशाल काढावे. पण पायाचे हे साहित्य कोणाच्या एकस्वाखाली जाऊ नये. कोणते गट निवडावेत यासाठी नव्याने शिरगणती करण्याचीही गरज नाही. मूत्रपिंड व अस्थिमज्जा यांच्या प्रत्यारोपणासाठी आपल्या रुग्णालयांत ऊतक-गट वर्षानुवर्षे तपासले जात आहेत. नावे वगळून त्या नोंदी एकत्र केल्या, तर कामाला उद्याही आरंभ करता येईल.