‘दाब वं, निघून जाईल’

सकाळची इंजेक्शनं आटोपून ट्रॉली परत आणताना नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीच्या बोटात सुई जाते. दिसायला काहीच नाही, मोहरीएवढा रक्ताचा थेंब. बाजूची सिनियर तिचं बोट धरते, नळाखाली नेते आणि मुळापासून टोकाकडे पिळायला लागते. ‘‘दाब वं चांगलं, जे काय गेलं असंन ते निघून जाईल.’’ मग स्पिरीटचा बोळा. मग सल्ला: ‘‘इन्चार्ज सिस्टरले नको सांगू, उगीच बोलणी खाशीन.’’ पाच मिनिटांत विषय संपतो.

हा प्रसंग कुठल्या एका वॉर्डाचा नाही. एएनएम असो, जीएनएम असो की बीएस्सी, पोस्टिंगला गेलेल्या मुलामुलींकडून तो थोड्याफार फरकानं ऐकायला मिळतो, आणि सांगणाऱ्याला त्यात काही चुकलं असं वाटत नसतं. वऱ्हाडात जुनं सहजी जात नाही. अमरावतीचं जिल्हा रुग्णालय लोकांच्या तोंडी अजून ‘इर्विन’ आहे, स्त्री रुग्णालय ‘डफरीन’ आणि अकोल्याचं ‘लेडी हार्डिंग’. व्हाइसरॉय गेले, त्यांच्या बायका गेल्या, नावं राहिली. नावं राहिल्यानं कुणाचं बिघडत नाही. बोट पिळण्याची रीत मात्र राहायला नको होती.

ही रीत येते कुठून? बहुधा शेतातून. साप चावला की चिरा द्यायचा, दाबून ‘काळं’ रक्त काढायचं, हे पिढ्यान् पिढ्या ऐकलेलं असतं. (सापाच्या बाबतीतही ते चूकच आहे, पण तो वेगळा लेख.) तोच हिशेब सुईला लावला जातो. विषाणू म्हणजे बोटात रुतलेला काटा नव्हे की दाबला आणि वर आला. दाबल्यानं तिथल्या पेशी चेंगरतात, जागा सुजते आणि फायदा झाल्याचा पुरावा काही नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, हिच्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्वच्छ आहेत: जखम पिळू नका, बोट तोंडात घालू नका, आणि त्यावर स्पिरीट, बिटाडिन, ब्लीच असलं काही ओतू नका. साबण आणि वाहतं पाणी. बस. डोळ्यात रक्त उडालं तर नुसतं पाणी किंवा सलाईन, साबणही नाही.

पण पिळण्यापेक्षा जास्त नुकसान त्या दुसऱ्या सल्ल्यानं होतं. ‘नको सांगू’ म्हणणारीला वाटतं, आपण मैत्रिणीला वाचवलं. प्रत्यक्षात तिनं हातातला वेळ वाया घालवला. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे तीनशे-सव्वातीनशे वेळा टोचल्यावर एकदा. ही शक्यता आणखी खाली आणणारी औषधं आहेत. त्यांना वॉर्डात ‘पेप’ म्हणतात. ती शक्य तर दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. अमेरिका आणि युरोपातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. त्या काळी हाताशी असलेल्या झिडोव्ह्युडिन या एकाच औषधानं लागणीची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं. आज तीन औषधं एकत्र मिळतात. चौथ्या दिवशी ताप आल्यावर घाबरून आईला फोन करणाऱ्या मुलीला यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

बोलणी बसतील ही भीती खोटी नाही. काही ठिकाणी बसतातही. म्हणून कायदा माहीत असलेला बरा. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. रुग्णसेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेनं तिथं काम करणाऱ्यांना संरक्षणाची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि गरज पडल्यास पेप द्यायचा, असं तो सांगतो. म्हणजे ट्यूटरला, इन्चार्ज सिस्टरला ताबडतोब सांगणं आणि नोंद करायला लावणं ही कुणाची चुगली नव्हे आणि माफीनामाही नव्हे. नोंद नसेल तर उद्या ‘ड्युटीवरच टोचलं’ हे सिद्ध कशानं करणार?

इथं हमखास एक युक्तिवाद पुढे येतो. ‘‘पेशंटचा रिपोर्ट तर निगेटिव्ह आहे.’’ २०२१ च्या सप्टेंबरात अकोला जिल्ह्यातली एक बातमी राज्यभर गाजली होती. आठ महिन्यांच्या मुलीला रक्त चढवल्यानंतर एचआयव्हीची लागण झाल्याचं आढळलं होतं आणि खुद्द आरोग्यमंत्र्यांना चौकशी जाहीर करावी लागली. त्या प्रकरणात दोष कुणाचा हा इथला विषय नाही. पण लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, तपासणीत काहीच दिसत नाही, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेलं वाक्य त्या बातमीनं जिल्ह्याला नीट समजायला हवं होतं. प्रत्येक रुग्णाचं रक्त बाधित आहे असं समजून वागायचं, ते एवढ्यासाठी. त्याची उलट बाजूही आहे. ज्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, त्याच्या खाटेवर लाल खूण करणं किंवा हॉस्टेलच्या ग्रुपवर त्याचा बेड नंबर टाकणं, यानं कुणाचंच संरक्षण होत नाही. वरच्याच कायद्यानं ते निषिद्ध आहे.

मुळात सुई टोचते कधी? पुष्कळदा इंजेक्शन देताना नव्हे, तर दिल्यावर टोपण परत लावताना. यामागे हेतू चांगला असतो: झाडूवाल्या मावशीला लागू नये. पण एका हातात सुई, दुसऱ्या हातात टोपण, आणि तेवढ्यात नातेवाईक विचारतो, ‘‘सिस्टर, सलाईन संपली का पाहा बरं.’’ झालं. मावशीची काळजी असेल तर खाटेपाशीच हब कटर आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतला पांढरा, सुई आरपार न जाणारा डबा. टोपण लावणं अगदीच टळत नसेल, तर ते ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हातानं सुईनं उचलायचं.

बाकीचे समज किरकोळ, पण चिवट. ग्लोव्हज घातले की हात धुवायला नको, हा त्यातला म्होरक्या. ग्लोव्हजना बारीक छिद्रं असतात आणि ते काढताना हात माखतात, म्हणून आधीही धुवायचे, नंतरही. (१८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसनं बाळंतिणींचे मृत्यू रोखले, ते विद्यार्थ्यांनाच हात धुवायला लावून.) हात दिसायला मळलेले असतील तर सॅनिटायझर कामाचा नाही. पेशंटचा चेहरा धूसर केला की रील टाकता येतं, हेही खोटं. गावाकडच्या माणसाला मागची खाट आणि नऊवारीचा काठ ओळखायला पुरतो. आणि कुष्ठरुग्णाला हात लावल्यानं रोग होतो असं अजून म्हणणाऱ्यांनी अमरावतीच्या तपोवनात एकदा जाऊन यावं. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी ते वसवलं तेव्हा आजची औषधंही नव्हती.

राहिला शेवटचा: ‘‘लहानपणी सगळ्या सुया घेतल्या आहेत.’’ सुईतून सर्वांत सहज शिरणारा विषाणू एचआयव्ही नव्हे, हिपॅटायटिस बी. लस न घेतलेल्याला बाधित सुई टोचली तर शक्यता ६ पासून ३० टक्क्यांपर्यंत, आणि वाळलेल्या रक्तातही हा विषाणू आठवडाभर तग धरतो. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोचली ती २०११–१२ च्या सुमारास. आज वॉर्डात उभ्या असलेल्या बऱ्याच मुली त्याआधी जन्मलेल्या आहेत. तेव्हा कार्ड काढून पाहायचं. नोंद नसेल तर तीन डोस: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडं १० युनिटांच्या वर गेली का, तेही बघायचं. हे सगळं व्हायला सात-आठ महिने लागतात, आणि पोस्टिंग बहुधा त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं.