तरता व्याजदर आणि गृहकर्जाचा हप्ता

तरत्या व्याजदराच्या गृहकर्जात दर मुदतभर स्थिर नसतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी अशी नवी कर्जे रेपोसारख्या बाह्य मानक दराशी जोडणे बंधनकारक झाले. मे २०२० मधील ४ टक्के रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्के झाला.

भिलाईतील कोहका येथील एखाद्या कर्जदाराचे २० लाख रुपये मुद्दल व २० वर्षे मुदत शिल्लक आहे, असे मानू. ७ टक्के दराने मासिक हप्ता सुमारे १५,५०० रुपये, तर ९.५ टक्के दराने सुमारे १८,६४० रुपये येतो. जुनाच हप्ता ठेवल्यास पहिल्या महिन्याचे व्याजच १५,८३३ रुपये होते. कर्ज फिटण्याऐवजी वाढते. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्तावाढ, मुदतवाढ किंवा दोन्ही हा पर्याय कर्जदारास देण्याचे आणि मुदतवाढीमुळे थकबाकी फुगू न देण्याचे निर्देश दिले.